लॅपटॉपची एसएसडी: आधी जागा की आधी वेग?

लॅपटॉपमध्ये एसएसडी बसते ती चारपैकी एका प्रकारच्या जागेत. जुन्या यंत्रांत अडीच इंची हार्ड डिस्कचा कप्पा असतो. २०११ ते २०१४च्या सुमाराच्या काही यंत्रांत एमसाटाचा लहान स्लॉट आढळतो. त्यानंतरच्या बहुतेक यंत्रांत एम.टू स्लॉट असतो. आणि काही यंत्रांत साठवणुकीच्या चिपा मदरबोर्डवरच सोल्डर केलेल्या असतात. तिथे बदलण्याजोगे काही उरतच नाही. कोणती एसएसडी घ्यावी याचा निम्मा निर्णय या जागेनेच करून टाकलेला असतो. मतभेद असतात ते उरलेल्या निम्म्यावर. एका बाजूचे म्हणणे असे की पैसे घालायचेच तर मिळेल तेवढा वेग घ्यावा. यंत्र आज नाही तर उद्या बदलेल, एसएसडी मात्र पुढच्या यंत्रातही चालेल. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की यंत्राला जेवढे पेलते तेवढेच घ्यावे आणि वाचलेला पैसा क्षमतेवर आणि बॅकअपवर घालावा.

पुढील संवादात पहिली बाजू लग्नसमारंभांच्या व्हिडिओंचे संपादन करणाऱ्या एका संपादिकेची आहे आणि दुसरी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराची. यंत्र २०१८ सालचे आहे: इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. यंत्र सुरू व्हायलाच काही मिनिटे घेते. प्रोसेसर मात्र अजून कामाचा आहे. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, पण आठव्या पिढीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११च्या पात्रता यादीत आहेत. म्हणजे या यंत्रावर खर्च करणे वाया जाणारे नाही.

संपादिका: दादा, जेन फोरची एक टीबी बघून ठेवलीय. सात हजार एमबीचा स्पीड लिहिलाय बॉक्सवर. तीच बसवून द्या.

कारागीर: बसवतो ताई, पण आधी मशीन उलटं करू. मॉडेल नंबर बघितल्याशिवाय कुठलाच माल उचलू नका.

संपादिका: एम.टू म्हणजे एम.टू ना? त्यात काय बघायचं?

कारागीर: आकार सगळ्यांचा सारखा दिसतो, म्हणून तर लोक फसतात.

कारागिराचे म्हणणे इथे शब्दशः खरे आहे. एम.टू हे फक्त पट्टीच्या आकाराचे आणि जोडणीचे मानक आहे. त्या पट्टीतून माहिती कोणत्या पद्धतीने वाहते हे त्यावरून ठरत नाही. पट्टीची रुंदी २२ मिमी असते आणि लांबी वेगवेगळी. २२८० म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब. २२४२ आणि २२३० या त्याच हिशेबाने आखूड पट्ट्या. लॅपटॉपमध्ये सर्वाधिक आढळते ती २२८०, पण अलीकडच्या कितीतरी लॅपटॉपमध्ये कारखान्यातून २२३०ची आखूड पट्टी येते आणि ती ८० मिमीच्या खुंटापर्यंत पोहोचावी म्हणून सोबत पत्र्याची जोडपट्टी असते. अशा ठिकाणी लांब पट्टीही बसते. जिथे बोर्डावर खुंटच ३० किंवा ४२ मिमीवर आहे आणि पुढे बॅटरी आडवी आली आहे, तिथे मात्र ८० मिमीची पट्टी कितीही स्वस्त मिळाली तरी निरुपयोगी.

लांबीपेक्षा जास्त घोटाळा होतो तो खाचेवरून. दोन पट्ट्या शेजारी ठेवून सोनेरी संपर्कांची कड प्रकाशात धरली की फरक डोळ्यांना दिसतो. एनव्हीएमई पद्धतीच्या बहुतेक पट्ट्यांना एकच खाच असते आणि तिच्या पलीकडे पाच संपर्कांचा छोटा तुकडा सुटा दिसतो. ही एम खाच. साटा पद्धतीच्या एम.टू पट्ट्यांना बहुधा दोन खाचा असतात: एका टोकाला पाचांचा तुकडा, दुसऱ्या टोकाला सहांचा. सहांच्या बाजूची ती बी खाच. दोन खाचांची पट्टी एम स्लॉटमध्येही जाते आणि बी स्लॉटमध्येही. एका खाचेची एम पट्टी बी स्लॉटमध्ये शिरतच नाही. इथवर खाच माणसाला चुकीपासून वाचवते. पण एम स्लॉटच्या मागे बोर्डावर नेमके काय जोडले आहे हे खाच सांगत नाही. काही स्लॉटांना फक्त साटा जोडलेले असते, काहींना फक्त पीसीआयई (एनव्हीएमई हिच्यावरूनच चालते), काहींना दोन्ही. साटाची पट्टी केवळ पीसीआयईच्या स्लॉटमध्ये अगदी नीट बसते, स्क्रूही लागतो, आणि यंत्र सुरू केल्यावर ती दिसतच नाही. जळत काही नाही, बिघडत काही नाही. पण फेरी फुकट जाते आणि दुकानदाराने पाकीट फोडलेला माल परत घेतला नाही तर पैसेही अडकतात.

संपादिका: मग कळणार कसं? कंपनीच्या साइटवर मॉडेल टाकलं की सुसंगत एसएसडींची यादी येते की.

कारागीर: यादी येते, पण एकाच नावाखाली चार-चार प्रकारचे बोर्ड निघतात. तुमच्याच मॉडेलमध्ये हार्ड डिस्कवाला आणि एसएसडीवाला असे दोन माल आले होते. हार्ड डिस्कवाल्या काही बोर्डांवर एम.टूची जागा छापलेली असते, पण कनेक्टरच बसवलेला नसतो.

संपादिका: म्हणजे उघडल्याशिवाय खात्री नाही?

कारागीर: आधी सर्व्हिस मॅन्युअल, मग झाकण. दोन्ही जुळलं की मग खरेदी.

एसएसडी बनवणाऱ्या कंपन्यांच्या सुसंगती-यादीवर विसंबावे की यंत्राच्या कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेवर, या वादात पुस्तिकेचे पारडे स्पष्टपणे जड आहे. लेनोवो आपल्या मॉडेलांची तपशीलपत्रे पीएसरेफ या नावाने उघडी ठेवते. डेलची सर्व्हिस मॅन्युअल आणि एचपीची मेंटेनन्स अँड सर्व्हिस गाइड संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्यांत शोधायच्या गोष्टी थोड्याच: पट्टीची लांबी, पद्धत साटा की एनव्हीएमई, आणि पीसीआयईच्या मार्गिका दोन की चार. अडीच इंची कप्पा असेल तर जाडीही पाहावी. त्या आकाराच्या एसएसडी बहुतेक ७ मिमीच्या असतात आणि जुने कप्पे ९.५ मिमीचे, मधली अडीच मिमीची पोकळी भरायला प्लास्टिकची चौकट पुरते. उलट बाजूने मात्र इलाज नाही: ७ मिमीच्या कप्प्यात ९.५ मिमीची डिस्क दाबून बसवू नये.

या यंत्राचे झाकण उघडल्यावर चित्र स्पष्ट झाले. एम.टूचा कनेक्टर जागेवर आहे, खुंट ८० मिमीवर आहे, पुस्तिकेप्रमाणे स्लॉटला पीसीआयई ३.०च्या चार मार्गिका आहेत. नाही तो फक्त स्क्रू. रिकाम्या स्लॉटसोबत पट्टी धरून ठेवणारा दोन मिमी व्यासाचा इवला स्क्रू कंपन्या कित्येकदा देतच नाहीत. एसएसडीच्या पाकिटातही तो असेलच असे नाही. हा स्क्रू आधी मिळवून ठेवावा. तो नाही म्हणून पट्टी चिकटपट्टीने दाबून ठेवलेले लॅपटॉप दुरुस्तीला येतात. पट्टी एका बाजूने उचलली जाते आणि यंत्र मधूनच बंद पडते.

आता वेगाचा मुद्दा. वादाचा खरा गाभा इथे आहे.

कारागीर: तुमचा स्लॉट जेन थ्रीचा. सात हजारवाली घातली तरी साडेतीन हजारच्या पुढे जाणार नाही.

संपादिका: चालेल ना. निम्मा तरी मिळेल. साटावाली तर साडेपाचशेवरच थांबते.

कारागीर: साडेपाचशे म्हणजे थोडे वाटतात का ताई तुम्हाला? आत्ताची तुमची डिस्क सरळ कॉपीला शंभरवर आहे.

आकडे कुठून येतात ते पाहिले की दोघांची बाजू नीट तोलता येते. साटाच्या तिसऱ्या आवृत्तीची जोडणी सेकंदाला ६ गिगाबिट वाहते. संकेतनात प्रत्येक ८ बिटांमागे १० बिटे पाठवावी लागत असल्याने हाती ६०० एमबी उरतात आणि प्रत्यक्षात साडेपाचशेच्या आसपास मिळतात. पीसीआयई ३.०ची एक मार्गिका सेकंदाला सुमारे ९८५ एमबी नेते, म्हणजे चार मार्गिकांना ३.९ जीबी, आणि प्रत्यक्षात साडेतीन जीबी. चौथ्या आवृत्तीत, म्हणजे जेन फोरमध्ये, हे दुप्पट होते. इंटेलच्या लॅपटॉपमध्ये चौथी आवृत्ती २०२०मध्ये अकराव्या पिढीसोबत आली, एएमडीच्या लॅपटॉपमध्ये २०२२मध्ये. त्याआधीच्या यंत्रात जेन फोरची पट्टी बिनदिक्कत चालते, पण जेन थ्रीच्या वेगाने. पुढची-मागची आवृत्ती आपसात जुळवून घेते, ही पीसीआयईची मोठी सोय आहे आणि संपादिकेचा 'पुढच्या यंत्रातही चालेल' हा मुद्दा तिच्यावरच उभा आहे.

मात्र लॅपटॉप हळू वाटतो त्याचे कारण सलग वेगात नसते. ५४०० आरपीएमची तबकडी सेकंदाला ९० फेरे घेते. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा शीर्षाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद, आणि त्याआधी शीर्ष योग्य पट्ट्यावर सरकायला साधारण १२ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेली एक फाइल उचलायला सतरा-अठरा मिलिसेकंद, सेकंदाला जेमतेम साठ. विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली अशाच विखुरलेल्या वाचल्या जातात. एसएसडीला शीर्ष नाही, फेरा नाही. असे एक वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहून कमी वेळात होते. हा शेकडो पटींचा फरक साटाच्या साध्या एसएसडीनेही मिळतो. एनव्हीएमई त्यात भर घालते: साटाच्या जुन्या एएचसीआय पद्धतीत ३२ आज्ञांची एकच रांग होती, एनव्हीएमईत ६५ हजारांहून अधिक रांगांची सोय आहे. पण घरच्या किंवा कचेरीच्या यंत्रावर इतक्या रांगा कधी लागतच नाहीत. म्हणून हार्ड डिस्कवरून साटावर येणाऱ्याला यंत्र नवे झाल्यासारखे वाटते आणि साटावरून एनव्हीएमईवर जाणाऱ्याला रोजच्या कामात फारसे काही जाणवत नाही.

संपादिका: रोजचं काम म्हणजे टायपिंग नव्हे दादा माझं. एका लग्नाचं दोनशे जीबी फुटेज असतं.

कारागीर: ते येतं कुठून? कॅमेऱ्याच्या कार्डातून. कार्ड नव्वदनं वाचतं. मग एसएसडी साडेपाचशेची असो की सात हजाराची, एक कार्ड रिकामं व्हायला तेवढीच मिनिटं.

संपादिका: कार्डाचं मान्य. पण टाइमलाइनवर चार कॅमेरे एकदम चालवते तेव्हा?

कारागीर: चार फोर-के म्हणजे किती होतात?

हिशेब दोन्ही बाजूंनी बोलतो. एसडी कार्डाच्या यूएचएस-वन जोडणीची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी आहे, त्यामुळे ६४ जीबीचे कार्ड उतरवायला बारा मिनिटांच्या आसपास लागतातच. कॅमेरा १०० मेगाबिटने फोर-के चित्रण करत असेल तर एका प्रवाहाला सेकंदाला १२.५ एमबी लागतात आणि चार कॅमेऱ्यांना ५० एमबी. एवढ्याला साटाही पुरून उरते. अडखळतो तो प्रोसेसर, कारण दाबून बसवलेले चित्र उलगडण्याचे काम त्याचे. इथे कारागीर बरोबर आहे. पण संपादनासाठी फुटेज प्रोरेस ४२२ एचक्यूमध्ये रूपांतरित केले की पारडे फिरते. यूएचडी आकारात सेकंदाला २५ चौकटींना हा प्रकार सुमारे ७३७ मेगाबिट घेतो, म्हणजे एका प्रवाहाला ९२ एमबी आणि चार प्रवाहांना जवळपास ३७०. शिवाय त्याच वेळी संपादनाच्या तात्पुरत्या फाइलीही लिहिल्या जात असतात. साटाची साडेपाचशेची मर्यादा इथे खरोखर टोचते. हार्ड डिस्कवर तर असा एक प्रवाहही जेमतेम चालतो. संपादिकेसाठी एनव्हीएमई ही चैन नाही, कामाचे हत्यार आहे. जेन थ्री की जेन फोर हा प्रश्न मात्र या यंत्रापुरता निकालात निघतो: दोन्हींचा भाव सारखाच पडत असेल तर जेन फोर खुशाल घ्यावी, जास्त पैसे मोजून घेऊ नये.

बॉक्सवरचा मोठा आकडा दुसऱ्या एका ठिकाणी अधिक दिशाभूल करतो, आणि खरेदीदारांचे लक्ष तिकडे फार कमी जाते. तो आकडा सतत टिकणारा नसतो. १९८७मध्ये तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी सहकाऱ्यांसह नँड फ्लॅश जगासमोर मांडली तेव्हा एका पेशीत एकच बिट साठवले जाई. आज टीएलसी प्रकारात एका पेशीत तीन आणि क्यूएलसीत चार बिटे बसवली जातात. तीन बिटांसाठी विद्युतभाराच्या आठ पातळ्या वेगळ्या ओळखाव्या लागतात, चारांसाठी सोळा. पातळ्या जितक्या दाटीने तितके लिहिणे नाजूक आणि संथ. हा संथपणा झाकण्यासाठी पट्टीचा काही भाग एका बिटाच्या पेशींसारखा वापरला जातो. आलेला मजकूर आधी तिथे भराभर उतरतो आणि मोकळ्या वेळात मागे नेऊन दाट रचला जातो. हा राखीव भाग भरेपर्यंत बॉक्सवरचा वेग मिळतो. भरल्यावर खरा वेग उघडा पडतो.

सॅमसंगने आपल्या ८७० क्यूव्हीओ या साटा एसएसडीबाबत हा आकडा स्वतःच छापला आहे, ही चांगली गोष्ट. १ टीबीच्या मॉडेलमध्ये राखीव भाग जास्तीत जास्त ४२ जीबीचा; तो भरला की लिहिण्याचा वेग सेकंदाला ८० एमबीवर येतो. संपादिकेचे २०० जीबी फुटेज दुसऱ्या वेगवान एसएसडीवरून एका दमात त्यावर उतरवायचे ठरवले तर पहिले ४२ जीबी दीड मिनिटात जातील आणि उरलेल्या १५८ जीबींना तेहतीस मिनिटे लागतील. एवढ्या वेळापुरती ती एसएसडी तिने नुकत्याच काढून टाकलेल्या हार्ड डिस्कच्या पंक्तीला जाऊन बसते. टायपिंग, बँकेची कामे आणि सिनेमे यांसाठी क्यूएलसी पुरेशी आहे. एकदम चाळीस जीबी लिहिण्याची वेळ तिथे येतच नाही. फुटेज हाताळणाऱ्याने मात्र टीएलसीखाली उतरू नये.

संपादिका: मग बॉक्सवर टीएलसी लिहिलंय की नाही तेवढं बघायचं.

कारागीर: लिहिलेलं असेल तर बघा. पुष्कळ ठिकाणी लिहीतच नाहीत. आणि नाव तेच ठेवून आतला माल बदलतात.

ही तक्रार हवेतली नाही. २०२१मध्ये क्रूशियलच्या पी२ या मॉडेलमध्ये नाव न बदलता टीएलसीच्या जागी क्यूएलसी आली. त्याच वर्षी वेस्टर्न डिजिटलच्या एसएन५५०मधील फ्लॅश बदलली आणि राखीव भाग भरल्यानंतरचा वेग घसरला. सॅमसंगच्या ९७० इव्हो प्लसचा कंट्रोलरही तेव्हाच बदलला. जुने परीक्षण वाचून नवा माल घेतला की हातात वेगळीच वस्तू पडू शकते. परीक्षण कोणत्या महिन्याचे आहे आणि पट्टीवरचा भाग-क्रमांक त्याच्याशी जुळतो का, हे पाहणे म्हणूनच गरजेचे आहे.

एसएसडीवर स्वतंत्र डीरॅम हवीच हा आग्रह मात्र आता थोडा सैल करायला हरकत नाही. कोणता मजकूर कोणत्या पेशीत आहे याचा नकाशा एसएसडीला सतत लागतो. महागड्या पट्ट्यांवर तो ठेवायला स्वतंत्र डीरॅम असते, साधारण १ टीबीला १ जीबी. स्वस्त एनव्हीएमई पट्ट्या ती गाळतात आणि यंत्राच्या रॅममधले काही एमबी उसने घेतात. विंडोज १०मध्ये ही सोय २०१७च्या अखेरीस आली. साटाच्या पट्ट्यांना अशी उसनवारी करता येत नाही. म्हणून डीरॅम नसलेली साटा एसएसडी टाळावी आणि डीरॅम नसलेली चांगली एनव्हीएमई बिनधास्त घ्यावी. लॅपटॉपला तिचा एक जादा फायदाही आहे: ती कमी तापते. जेन फोरच्या सर्वांत वेगवान पट्ट्या भर कामात सात-आठ वॅटपर्यंत जातात, आणि पातळ यंत्रात पंख्याची हवा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. तापमान मर्यादेपलीकडे गेले की पट्टी स्वतःच वेग कमी करते. मग जादा पैसे मोजलेला वेग उन्हाळ्यात हाती लागत नाही.

उष्णतेवर उपाय म्हणून ॲल्युमिनियमचे पंख लावलेली पट्टी घेण्याचा मोह होतो. ती डेस्कटॉपसाठी आणि प्लेस्टेशन ५साठी असते. आठ-नऊ मिमी जाडीची पट्टी लॅपटॉपच्या झाकणाखाली मावत नाही. जाडीचाच आणखी एक बारकावा: काही पट्ट्यांना एकाच बाजूला चिपा असतात, काहींना दोन्ही बाजूंना. अतिपातळ यंत्रांत स्लॉट बोर्डाला इतका खेटून असतो की खालच्या बाजूच्या चिपांना जागाच राहत नाही. पुस्तिकेत 'एकबाजू' अशी अट असेल तर ती पाळावीच लागते. ४ टीबीच्या पट्ट्या घेताना ही अट हमखास आडवी येते.

संपादिका: आणि टिकणार किती? एसएसडी लिहून लिहून संपते म्हणतात.

कारागीर: संपते. पण त्याआधी तुमचा लॅपटॉप संपेल.

भीतीपेक्षा भागाकार करणे बरे. सॅमसंगच्या ८७० इव्होच्या १ टीबी मॉडेलला कंपनीची हमी ६०० टीबी लेखनाची किंवा पाच वर्षांची आहे. मघाच्या क्यूव्हीओला ३६० टीबीची किंवा तीन वर्षांची. रोज १०० जीबी लिहिले तरी वर्षाला साडेछत्तीस टीबी होतात: पहिलीला सोळा वर्षे, दुसरीला जवळपास दहा. एसएसडी अचानक दगावते ती बहुधा कंट्रोलर किंवा फर्मवेअरच्या बिघाडाने, आणि त्यावर हमीचा कोणताही आकडा उपयोगी पडत नाही. मेलेल्या हार्ड डिस्कमधून मजकूर काढता येण्याची निदान आशा असते. एसएसडीत ती फारच कमी. ग्राहकाचे लग्न पुन्हा चित्रित होत नाही. लेखनाच्या हमीवर जादा पैसे घालण्यापेक्षा एक बाहेरची डिस्क बॅकअपसाठी घेणे शहाणपणाचे, हा कारागिराचा मुद्दा इथे निर्विवाद वरचढ ठरतो.

क्षमतेबाबत दोघांचे एकमत झाले, आणि ते योग्य आहे: ५१२ जीबी जलद घेण्यापेक्षा १ टीबी मध्यम वेगाची घ्यावी. मोठ्या पट्टीत जास्त चिपथर एकाच वेळी लिहू शकतात आणि मोकळी जागा राहिली की राखीव भागही मोठा राहतो. विंडोजमध्ये १ टीबीच्या जागी ९३१ जीबी दिसतात. ती फसवणूक नाही, मोजण्याच्या दोन पद्धतींचा फरक आहे.

शेवटचा वाद स्थलांतराचा.

कारागीर: नवीन विंडोज टाकू. सात वर्षांचा कचरा कशाला पुढे न्यायचा?

संपादिका: नको दादा. माझी सॉफ्टवेअरं, प्लगइनं, फाँट सगळं बसवलेलं आहे. परत ॲक्टिव्हेट करत बसले तर सीझन जाईल. क्लोनच करा.

कारागीर: क्लोन करतो. पण आधी बिटलॉकर बघा आणि की लिहून आणा.

स्वच्छ मांडणी अधिक चांगली हे तत्त्वतः खरे असले तरी लग्नसराईच्या तोंडावर क्लोनचा आग्रह धरणारी संपादिका चुकत नाही. या यंत्रात क्लोन सोपाही आहे: एसएसडी एम.टू स्लॉटमध्ये आणि हार्ड डिस्क आपल्या कप्प्यात, दोन्ही एकाच वेळी जोडलेल्या. जिथे स्लॉट एकच असतो तिथे नवी पट्टी यूएसबी कव्हरमध्ये घालून क्लोन करावा लागतो, आणि ते कव्हर साटाचे की एनव्हीएमईचे हे पुन्हा पाहावे लागते. कारागिराची सूचना मात्र जिवावर बेतणारी चूक टाळते. विंडोजने बिटलॉकर वापरून डिस्क कुलूपबंद केलेली असेल तर बूटची रचना बदलल्यावर ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती आधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून कागदावर ठेवावी आणि बिटलॉकर तात्पुरता थांबवावा. २०१८च्या आसपासच्या काही लॅपटॉपमध्ये एम.टू स्लॉट रिकामा नसून त्यात १६ जीबीची इंटेल ऑप्टेन पट्टी असते. ती हार्ड डिस्कशी जोडीने काम करते. सॉफ्टवेअरमधून जोडी तोडल्याशिवाय ती उपटली तर हार्ड डिस्कवरचा मजकूरच धोक्यात येतो. अकराव्या पिढीपासूनच्या कितीतरी इंटेल यंत्रांत विंडोज बसवताना एसएसडी दिसतच नाही. तेव्हा पट्टी खराब नसते, इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो. २०१४पूर्वीच्या यंत्रांची अडचण वेगळी: स्लॉटला पीसीआयई असूनही त्यांच्या बायोसला एनव्हीएमईवरून सुरू होता येत नाही, आणि तिथे साटा हाच मार्ग उरतो.

बसवण्याचे काम चार-पाच मिनिटांचे. झाकणाचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि एखाद-दुसरा रबरी पायाखाली दडलेला असतो. काढले त्याच क्रमाने कागदावर मांडून ठेवावेत. आधी बॅटरीची वायर सोडवावी. पट्टी तिरकी धरून खाच जुळेपर्यंत आत सरकवावी, मग दुसरे टोक खाली दाबून स्क्रू लावावा. जोर लागतो असे वाटले तर थांबावे, खाच चुकलेली असते. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा यंत्र सुरू करताना हार्ड डिस्कची जोडणी काढून ठेवावी; दोन्हींवर तेच विंडोज असल्याने यंत्र भलत्याच डिस्कवरून सुरू होते आणि मालकाला वाटते की वेग वाढलाच नाही.

यंत्र सुरू झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन उघडून तीन गोष्टी पाहाव्यात. ट्रान्सफर मोडच्या ओळीत आधी प्रत्यक्ष जोडणी आणि रेघेपलीकडे पट्टीची कमाल क्षमता दिसते. या यंत्रात जेन फोरची पट्टी 'पीसीआयई ३.० ×४ | पीसीआयई ४.० ×४' अशी दिसली तर सगळे ठीक आहे, आणि ×४च्या जागी ×२ आले तर स्लॉट पुस्तिकेत सांगितला तसा नाही किंवा पट्टी नीट बसलेली नाही. दुसरी गोष्ट चालू राहिल्याचे तास: नव्या पट्टीवर ते एक-दोनच असायला हवेत. शेकडो असतील तर कुठल्यातरी जुन्या यंत्रातली पट्टी पुसून नव्या पाकिटात आली आहे, आणि ती त्याच दिवशी बिलासकट परत करावी. तिसरी गोष्ट मीडिया एररचा आकडा. तो शून्य असावा. अनोळखी नावाची पट्टी फारच स्वस्त मिळाली असेल तर एचटूटेस्टडब्ल्यूसारख्या साधनाने ती काठोकाठ भरून वाचून पाहावी, कारण बनावट मालात १ टीबी दाखवणाऱ्या पट्टीत प्रत्यक्षात त्याचा लहानसा तुकडाच असतो आणि तो भरल्यावर पुढचा मजकूर नुसता हरवत जातो.

संपादिका: आणि जुनी डिस्क? फॉरमॅट मारून बॅकअपला वापरू?

कारागीर: महिनाभर हातसुद्धा लावू नका. सगळे प्रोजेक्ट उघडतायत, सगळे फाँट येतायत अशी खात्री झाली की मग बघू. आणि ताई, सात वर्षं फिरलेली डिस्क आहे ती. जादा प्रत ठेवायला चालेल, एकमेव प्रत ठेवायला नाही.